इंग्रजी सर्वनामांची रूपे आणि त्यांची निवड

इंग्रजी वाक्यात सर्वनाम कोणते काम करते, यावरून त्याचे रूप ठरते. ते क्रियापदाचा कर्ता असेल तर ‘आय’, ‘वुई’, ‘ही’, ‘शी’, ‘दे’ ही कर्तृरूपे येतात. क्रियापदाचे कर्म असेल, किंवा ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’ अशा प्रिपोझिशनच्या पाठोपाठ आले असेल, तर ‘मी’, ‘अस’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ ही कर्मरूपे येतात. नामाच्या आधी मालकी दाखवायला ‘माय’, ‘अवर’, ‘देअर’, नामाशिवाय तीच मालकी सांगायला ‘माइन’, ‘अवर्स’, ‘देअर्स’, आणि क्रिया कर्त्याकडेच वळत असेल तर ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ अशी आत्मवाचक रूपे वापरतात. ‘यू’ आणि ‘इट’ यांची कर्तृरूपे व कर्मरूपे एकसारखीच आहेत. देवनागरीत लिहिताना इंग्रजी कर्मरूप आणि मराठी प्रथमपुरुष यांचे अक्षर एकच होते. म्हणून या नोंदीत अवतरणचिन्हांतील ‘मी’ इंग्रजी समजावा आणि मोकळा मी मराठी.

हा तक्ता लहान आहे आणि सातारा-सांगलीकडच्या शाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला जातो. साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात; त्या काळी प्राथमिक शिक्षण मराठीत झाल्यावर इंग्रजी इयत्ता नव्याने सुरू होत असत. पुढे १९१९ मध्ये सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, जिचे मुख्यालय नंतर साताऱ्याला आले. शेतकरी घरातील मुलांपर्यंत इंग्रजीचे व्याकरण पोहोचले ते बरेचसे अशा संस्थांमुळे. राज्यातील सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. तरीही तक्ता तोंडपाठ असलेला विद्यार्थी वाक्य लिहिताना अडखळतोच, आणि याचे कारण तक्त्यात नसून दोन भाषांच्या वाक्यरचनेत आहे. मराठीत सर्वनामाला कोणता प्रत्यय लागला आहे हे पाहून इंग्रजी रूप निवडता येत नाही. इंग्रजी वाक्य उभे राहिल्यावर त्यात सर्वनामाची जागा कोणती, एवढेच पाहावे लागते.

इंग्रजीत नामांनाही एकेकाळी विभक्तिप्रत्यय होते. अकराव्या शतकानंतर काही शतकांत ते झिजून गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे सांगण्याचे काम शब्दांच्या क्रमाने उचलले. विभक्तीचा भेद टिकला तो मुख्यतः सर्वनामांत, कारण हे शब्द रोज शेकडो वेळा तोंडी येतात आणि वारंवार वापरात असलेली अनियमित रूपे सहसा मोडत नाहीत. सर्वनामे अगदी जशीच्या तशी राहिली असेही नाही. जुन्या इंग्रजीत द्वितीयेचे ‘हिने’ आणि चतुर्थीचे ‘हिम’ ही वेगळी रूपे होती, त्यांतील ‘हिम’नेच दोन्ही कामे घेतली. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही रूपे तर मूळची इंग्रजी नव्हेत. इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ती आली. अनेकवचनी ‘यी’ हे कर्तृरूप व ‘यू’ हे कर्मरूप असा भेद १६११ च्या इंग्रजी बायबलात पाळलेला दिसतो, पण बोलण्यात तो तेव्हाच ढासळत चालला होता. एका जवळच्या माणसासाठी ‘दाउ’ आणि आदरासाठी ‘यू’ अशी सोयही होती. ‘दाउ’ मागे पडला आणि ‘यू’ सर्वांसाठी उरला. मराठीतून तू हद्दपार होऊन लहान मुलालाही सर्वांनी तुम्ही म्हणू लागावे, तसाच हा प्रकार. एकाच माणसाशी बोलतानाही ‘यू’ला ‘आर’ हे अनेकवचनी क्रियापद का लागते, याचे उत्तर इथे आहे.

मराठी माणसाला याहून जवळचा वाटावा असा एक दुवा जुन्या इंग्रजीत आहे. मराठीत आवड, भूक, ताप, आठवण, ज्ञान या गोष्टी ज्याला होतात त्याला आपण ‘ला’ लावतो: मला भडंग आवडते, त्याला ताप आला, तिला पोहता येते. इथे मला हे वाक्याचे व्याकरणातील कर्तेपद नाही. क्रियापदाचे रूप भडंगाप्रमाणे ठरते. इंग्रजीतही पूर्वी असेच होते. ‘लाइक’चा मूळ अर्थ पसंत पडणे, आणि पसंत पडणारी वस्तू हा कर्ता, माणूस चतुर्थीत. ‘मी-थिंक्स’ हा आता फक्त जुन्या साहित्यात किंवा गमतीने वापरला जाणारा शब्द अक्षरशः मला वाटते असाच बनलेला आहे. पुढे वाक्याच्या आरंभीच्या जागेवर जो बसेल तो कर्ता, अशी इंग्रजीची रीत पक्की झाली आणि अनुभवणारा माणूस चतुर्थीतून प्रथमेत आला. म्हणून आजच्या इंग्रजीत मला भडंग आवडते याचे ‘आय लाइक भडंग’ होते, त्याला दोन भाऊ आहेत याचे ‘ही हॅज टू ब्रदर्स’, तिला पोहता येते याचे ‘शी कॅन स्विम’, आणि माझ्याने चालवत नाही याचे ‘आय कान्ट वॉक’. मला, त्याला, तिला आणि वेगळ्या घडणीचा माझ्याने, या चारही शब्दांना इंग्रजीत एकच उत्तर आहे, ते म्हणजे कर्तृरूप.

याच्या उलट बाजूला भूतकाळातील ‘ने’ आहे. त्याने आंबा खाल्ला या वाक्यात त्याने तृतीयेत आहे, पण इंग्रजीत तिथे साधा ‘ही’ येतो. प्रमाण मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना हा ‘ने’ लागत नाही. मी आंबा खाल्ला यातील मी आणि मी आंबा खातो यातील मी दिसायला सारखेच. सातारा-सांगलीच्या खेड्यांत मात्र ‘म्या सांगितलं’, ‘म्या काय केलं’ असे आजही ऐकू येते. हा म्या अशुद्ध म्हणून शाळेत खोडला जातो, वास्तविक तो जुन्या मराठी ग्रंथांतील म्यां या तृतीयेच्या रूपाचा वारसदार आहे आणि प्रमाण मराठीने पुसून टाकलेला भेद बोलीने जपला आहे. अशी बोली बोलणाऱ्या मुलाला सर्वनामाचे रूप वाक्यातील कामानुसार बदलते ही कल्पना परकी नसते. शिक्षकाने तिचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

दोन्ही भाषांची ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती इच्छा, आज्ञा व परवानगीच्या वाक्यांत. त्याने कराडला जावे असे मला वाटते, या वाक्याचे इंग्रजी ‘आय वॉन्ट हिम टु गो टु कराड’ असे होते. मराठीत जो त्याने कर्त्यासारखा उभा आहे तो इंग्रजीत ‘हिम’ झाला, आणि ज्याला ‘ला’ लागला आहे तो मला ‘आय’ झाला. प्रत्ययावरून भाषांतर करणारा विद्यार्थी इथे दोन्ही ठिकाणी फसतो. ‘लेट’चेही तसेच. त्याला जाऊ दे याचे ‘लेट हिम गो’ बरोबर येते कारण ‘ला’ आणि कर्मरूप योगायोगाने जुळतात. पण तो जाऊ दे असेही आपण म्हणतो, आणि त्या वळणाने लिहिलेले ‘लेट ही गो’ चुकते.

प्रिपोझिशनच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मराठी शब्दयोगी अव्ययाच्या आधी सर्वनाम बहुधा षष्ठीच्या सामान्यरूपात येते: माझ्यासाठी, तुझ्याबरोबर, त्यांच्याविषयी. यातील माझ्या पाहून ‘माय’ सुचणे स्वाभाविक आहे, पण इंग्रजीला तिथे ‘फॉर मी’, ‘विथ यू’, ‘अबाउट देम’ असे कर्मरूपच हवे. मी तुझी वाट पाहिली यात तर मराठीत सरळ षष्ठी आहे आणि इंग्रजीत ‘आय वेटेड फॉर यू’. तिच्याशी लग्न केले याला इंग्रजीत प्रिपोझिशनच लागत नाही. ‘मॅरीड हर’ एवढे पुरते.

दोन नावे ‘अँड’ने जोडली की इंग्रजी मातृभाषा असणारेही चुकतात. ‘मी अँड रवी वेंट टु कास’ असे म्हणणाऱ्या मुलाला मोठी माणसे ‘रवी अँड आय’ म्हणायला लावतात, आणि मग तो धडा इतका भिनतो की ‘बिट्वीन यू अँड आय’, ‘द टीचर कॉल्ड रवी अँड आय’ अशी वाक्ये तयार होतात. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धीकरण म्हणतात. पारख करायची सोपी रीत म्हणजे दुसरे नाव क्षणभर झाकून ठेवणे: ‘द टीचर कॉल्ड आय’ कोणी म्हणणार नाही, म्हणून ‘कॉल्ड रवी अँड मी’. ‘बिट्वीन’मध्ये एक नाव झाकून चालत नाही, तिथे ते प्रिपोझिशन आहे एवढे आठवावे आणि ‘यू अँड मी’ लिहावे. स्वतःचे नाव शेवटी घ्यावे हा शिष्टाचार आहे, व्याकरणाचा नियम नव्हे.

आत्मवाचक रूपाचा आपल्याकडचा सर्वांत परिचित प्रयोग मुलाखतीच्या खोलीत ऐकू येतो: ‘मायसेल्फ गणेश, फ्रॉम तासगाव.’ भारतभर रुळलेली ही ओळख ऐकणाऱ्याला कळते, पण प्रमाण इंग्रजीत ती बसत नाही, कारण ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता होऊ शकत नाही. ‘आय ॲम गणेश’ किंवा ‘माय नेम इज गणेश’ हे योग्य. ‘मायसेल्फ’ येतो तो ‘आय कट मायसेल्फ’ यात कर्म म्हणून, किंवा ‘आय मायसेल्फ सॉ इट’ यात जोर देण्यासाठी. बहुधा ‘मी’ म्हटले तर उद्धट आणि ‘आय’ म्हटले तर अपुरे वाटल्याने लांबलचक रूप अधिक सभ्य भासत असावे. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ असे पत्रात लिहिणारे इंग्रजही आहेत, तेव्हा हा दोष केवळ आपल्या माथी मारण्याचे कारण नाही.

मालकीच्या रूपांत मराठी माणसाला एक फायदा आहे. मालक पुरुष की स्त्री हे त्याचा-तिचा यांत मराठी सांगते, हिंदीतील उसका ते सांगत नाही. त्यामुळे ‘हिज’ आणि ‘हर’ यांची निवड तितकी जड जात नाही. मात्र आपला या शब्दाची सोय इंग्रजीत नाही. त्याने आपली सायकल नेली आणि त्याने त्याची सायकल नेली, या दोहोंसाठी ‘ही टुक हिज सायकल’ असेच म्हणावे लागते आणि सायकल कोणाची हे संदर्भावर सोडावे लागते. फार तर ‘हिज ओन’ लिहावे. माझा एक मित्र याचे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ होते, ‘ऑफ मी’ नव्हे. ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘इट्स’ यांत लोपचिन्ह नसते. ‘इट’ व ‘एस’ यांच्यामध्ये ते चिन्ह दिले की अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा बदलतो.

तुलनेच्या ‘दॅन’पुढे कोणते रूप, यावर अठराव्या शतकापासून वाद आहे. १७६२ मध्ये इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी ‘दॅन’ला उभयान्वयी मानून त्यापुढे लपलेल्या क्रियापदानुसार रूप ठरवावे असे मत मांडले. त्यानुसार ‘टॉलर दॅन आय’ शुद्ध ठरते, कारण पुढे ‘ॲम’ गृहीत आहे. बोलण्यात मात्र ‘टॉलर दॅन मी’ हेच चालते आणि ते आता प्रतिष्ठित लेखनातही येते. लाउथ यांची कसोटी खरोखर कामी पडते ती अर्थ दुभंगतो तेव्हा: ‘ही हेल्प्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे मी जेवढी मदत करतो त्याहून जास्त, आणि ‘मोअर दॅन मी’ म्हणजे तो मला करतो त्याहून जास्त. ‘इट इज आय’ तर्काने बरोबर असले तरी दार ठोठावणारा माणूस ‘इट्स मी’च म्हणतो. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जुना नियम पाळावा, बोलताना नको.

‘हू’ आणि ‘हूम’ यांतही हेच दोन स्तर आहेत. ‘हूम’ बोलीतून जवळजवळ गेला. प्रिपोझिशनला लागून तो टिकला आहे. तालुक्याच्या गावी तो सर्वांच्या ओळखीचा आहे तो दाखल्याच्या माथ्यावरील ‘टु हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ या ओळीमुळे, आणि ही ओळ व्याकरणदृष्ट्या चोख आहे: ‘कन्सर्न’चा कर्ता ‘इट’ आहे, म्हणून संबंधित व्यक्ती कर्म. उलट ‘द फार्मर हू वुई थिंक ओन्स धिस टर्मरिक’ यात ‘हू’च हवे. ‘वुई थिंक’ हे मध्येच घुसलेले शब्द आहेत. ‘ओन्स’ला कर्ता लागतो आणि तो ‘हू’ आहे.

लिंग आणि आदर यांच्या बाबतीत रूपापेक्षा सर्वनामाचीच निवड चुकते. एसटी मराठीत ती, पूल तो, तळे ते; इंग्रजीत तिन्ही ‘इट’. गुरुजी आले, त्यांनी हजेरी घेतली, हे आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत ‘दे’ होत नाही, ‘ही’ होते. आम्ही आणि आपण यांतील भेदही ‘वुई’त बुडतो. विद्यार्थी मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना कोणते सर्वनाम घ्यावे, याला कायद्याच्या भाषेने दीर्घकाळ ‘ही’ हे उत्तर दिले. कायद्यांतील शब्दांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा भारतातील १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानतो. एकवचनी अर्थाचा ‘दे’ मात्र इंग्रजीत चौदाव्या शतकापासून लिहिला गेलेला आहे. व्याकरणकारांनी त्याला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दोष ठरवले, आणि अलीकडे अनेक शैलीपुस्तिकांनी पुन्हा मान्यता दिली. शाळेच्या इंग्रजी सूचनेत ‘एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर लंचबॉक्स’ असे लिहिणे आज दोष मानले जात नाही. ज्यांना ते खटकते त्यांनी ‘ऑल स्टुडंट्स’ असे अनेकवचन करून ‘देअर लंचबॉक्सेस’ लिहावे.