कोड फुटला तेव्हा

परीक्षेचा पेपर फुटावा तसा फेब्रुवारी 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 2000 आणि विंडोज एनटी 4 यांच्या सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेल्या मूळ मजकुराचा, काही भाग फुटला आणि इंटरनेटवर हातोहात पसरला. आठवडा उलटायच्या आत कुणीतरी तो वाचून इंटरनेट एक्स्प्लोरर 5 या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमधली एक चूक चव्हाट्यावर मांडली.

चूक बघण्यासारखी आहे. बीएमपी चित्राच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच एक आकडा असतो: खरं चित्र किती बाइट्सनंतर सुरू होतं, तो. मधला मजकूर ओलांडायला प्रोग्रामने 1024 बाइट्सची जागा राखली होती. ‘आकडा 1024 पेक्षा मोठा असेल तर 1024 च धर’ अशी तपासणीही होती. पण आकडा साठवला होता ऋण होऊ शकणाऱ्या प्रकारात. 32 बिटांत 2,14,74,83,647 च्या पुढे गेलं की असा आकडा ऋण होतो. ऋण आकडा 1024 पेक्षा लहानच, म्हणून तपासणीतून तो बिनबोभाट सुटतो. पुढे फाइल वाचताना तोच आकडा प्रचंड मोठा धरला जातो आणि वाटीत हंडा उपडा होतो. जे सांडतं, त्यातून हल्लेखोराचा कोड चालू शकतो.

मायक्रोसॉफ्टने सांगितलं की ही चूक त्यांना आधीच सापडली होती आणि एक्स्प्लोरर 6 च्या सर्व्हिस पॅक 1 या सुधारणा-संचात दुरुस्तही झाली होती. मला खरं टोचतं ते हेच. घरच्यांना माहीत, पण जुनी आवृत्ती वापरणारा अंधारात. त्याच्यासाठी पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, आला जुलै 2004 मध्ये.

कोड दाखवायला कंपनीची ना नव्हती. जानेवारी 2003 पासून ती करार करून सरकारांना तो दाखवत होती. रशिया, चीन, नाटो त्यात होते. कोडमध्ये गुपचूप आत शिरायला ठेवलेला छुपा दरवाजा नाही ना, एवढी खातरजमा अशा पाहणीतून होते. पण तिथे दिसलेलं चारचौघांत बोलायची मुभा नसते. चोराला मात्र कुठल्याच कराराचं बंधन नाही.

म्हणून सगळं उघड केलं की झालं, असंही नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येत होता, तरी मार्च 2012 च्या आवृत्तीत शिरलेली हार्टब्लीड ही चूक जगासमोर आली एप्रिल 2014 मध्ये. वाचणारं कुणीतरी हवं, आणि त्याला बोलता यायला हवं.

सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अनेक ठिकाणी घुसलेल्या हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टचा काही कोड पाहिला, हे मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2020 ला जाहीर केलं. सोबत हेही सांगितलं की आमची सुरक्षा कोडच्या गुप्ततेवर बेतलेली नाही. हल्लेखोराला कोड ठाऊक आहे असंच आम्ही धरून चालतो. 2004 मध्ये एक्स्प्लोरर 5 बाबतही असंच धरलं असतं, तर तो पॅच कोड फुटायच्या आधीच आला असता, असं मला वाटतं.