जमिनीवरून ओळखायचा वेग

रिमोटवर उडणारे छोटे विमान शिकताना बोटे थोड्या सरावाने तयार होतात. खरा वेळ लागतो तो विमानाचा हवेतला वेग जमिनीवरून ओळखण्यासाठी. पंखांना उचल मिळते ती भोवतालच्या हवेच्या सापेक्ष वेगामुळे, आपल्याला मात्र दिसतो तो जमिनीच्या सापेक्ष वेग. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ३० किलोमीटर आहे आणि पश्चिमेचा वारा ताशी १५ किलोमीटरने वाहतो आहे. पूर्वेकडे जाताना ते ताशी ४५ किलोमीटरने धावताना दिसेल आणि वाऱ्याला तोंड देत परतताना जेमतेम १५ किलोमीटरने, तरी पंखांच्या दृष्टीने दोन्ही वेळा काहीच बदललेले नसते.

नवशिका नेमका इथे फसतो. वाऱ्याबरोबर सुसाट निघालेले विमान पाहून तो थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, कमी करतो आणि ते खाली येऊ लागले की घाबरून रिमोटवरची इलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची) स्टिक ओढतो. नाक वर होते, पंख आणि समोरची हवा यांतला कोन वाढतो आणि तो साधारण १२ ते १५ अंशांपलीकडे गेला, की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते. उचल झपाट्याने घटते, बहुधा एक पंख आधी कोसळतो. याला स्टॉल म्हणतात. त्यावरचा उपाय मनाला सहज पटत नाही: पडणाऱ्या विमानाची स्टिक सैल सोडून नाक खाली जाऊ द्यायचे, वेग मिळवायचा आणि मगच हळूहळू सावरायचे. त्यासाठी हाताशी उंची हवी, म्हणून शिकाऊ माणसाने जमिनीलगत वळणे घेऊ नयेत. वळणात धोका वाढतोच. ६० अंश कलून उंची न सोडता वळायचे, तर उचल दुप्पट लागते आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने इथली हवा मुळातच थोडी विरळ आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला, की समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाणित हवेपेक्षा तिची घनता सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरते आणि तेच विमान सुमारे ७ टक्के अधिक वेगात असतानाच स्टॉल होते. म्हणून सकाळची थंड, शांत हवा उत्तम. ऊस तुटून गेलेले मोकळे रान मिळाले तर फारच चांगले, कारण उभ्या फडात पडलेले विमान शोधणे महाकठीण. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवती मात्र परवानगीशिवाय उडवू नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे ठरलेले हवाई क्षेत्रांचे नकाशे आधी पाहावेत.

पहिले विमान फोमचे, पंख धडाच्या वर असलेले आणि पंखांची टोके किंचित उचललेली असे निवडावे, कारण हात सैल सोडला की ते बरेचसे आपोआप सरळ होते. उतरताना वाऱ्याला तोंड द्यावे, उंची थ्रॉटलने आणि वेग इलेव्हेटरने सांभाळावा, आणि जमीन अगदी जवळ आल्यावरच नाक हलकेच उचलावे.