कॅलिफोर्नियात डावीकडे वळताना झालेला अपघात: दोष कसा ठरतो आणि दाव्यासाठी काय करावे लागते

कॅलिफोर्नियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या चालकाला समोरून येणाऱ्या वाहतुकीचा मार्ग छेदून जावे लागते आणि आपल्याकडे उजवे वळण घेताना जी जोखीम असते ती तेथे डाव्या वळणात असते. अशा वळणावर धडक झाली की चूक वळणाऱ्याचीच, असे सरसकट धरले जाते. विमा कंपनीचा माणूस फोनवर तसे सूचित करतो, आणि नव्याने त्या देशात आलेला चालक बहुतेक वेळा ते मुकाट्याने मान्यही करून टाकतो. कायद्याची भूमिका इतकी एकेरी नाही. तेथे दोष टक्क्यांत वाटला जातो, तो वाटा पुराव्यावरून ठरतो, आणि पुरावा व कागद वेळेत पुढे न करणाऱ्या चालकाच्या माथी पूर्ण शंभर टक्के येण्याची शक्यता बरीच असते.

वाहन संहितेतील नियम

राज्याच्या वाहन संहितेचे कलम २१८०१ हे या विषयाचे मूळ आहे. त्याच्या पहिल्या भागानुसार, डावीकडे किंवा यू-टर्न घेऊन वळू पाहणाऱ्या चालकाने, वळण चालू असताना कोणत्याही क्षणी धोका ठरतील इतक्या जवळ असलेल्या समोरच्या सर्व वाहनांना आधी जाऊ दिले पाहिजे आणि वळण वाजवी सुरक्षितपणे घेता येईपर्यंत थांबून राहिले पाहिजे. दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही, पण वळणाऱ्याच्या बाजूने तोच महत्त्वाचा आहे. चालक असा थांबला, त्याने इशारा दिला आणि मग सुरक्षित अंतर पाहून वळायला सुरुवात केली, की समोरून येणाऱ्या चालकांनी त्याला वाट द्यायची असते. म्हणजे समोरच्याचा अग्रहक्क हा डोळे मिटून पुढे येण्याचा परवाना नव्हे.

डाव्या बाणाचा हिरवा दिवा चालू असेल तर स्थिती पुष्कळ वेगळी असते, कारण त्या वेळी समोरच्या वाहतुकीला सर्वसाधारणपणे लाल दिवा असतो. साधा गोल हिरवा दिवा असेल तर मात्र आधी वाट देण्याची जबाबदारी वळणाऱ्याकडे राहते. पिवळा दिवा हा कॅलिफोर्नियात केवळ लाल येत असल्याची सूचना आहे. पिवळ्यावर चौकात शिरणे एवढ्यावरून नियमभंग होत नाही, लालवर शिरणे हा नियमभंग आहे. पुष्कळसे वाद याच दोन-तीन सेकंदांत जन्म घेतात: एक गाडी हिरव्यावर चौकाच्या मध्यापर्यंत येऊन थांबलेली असते, दिवा पिवळा होताच ती वळते, आणि समोरचा चालक ‘अजून निघून जाईन’ म्हणून वेग वाढवतो. अशा वेळी समोरच्याने थांबरेषा ओलांडली तेव्हा दिवा कोणता होता, या एका प्रश्नावर बाकीचे बरेच अवलंबून असते.

समोरच्या लेनमधल्या एखाद्या सज्जन चालकाने हाताने ‘जा’ अशी खूण केली म्हणून वळणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. त्याने आपली लेन मोकळी ठेवली एवढाच त्या खुणेचा अर्थ, पलीकडच्या लेनमधून येणाऱ्या गाडीची हमी त्यात नसते.

टक्के कसे पडतात

१९७५ पर्यंत कॅलिफोर्नियात नियम फार कठोर होता. जखमी व्यक्तीची स्वतःची थोडी जरी चूक निघाली तरी तिला काहीही भरपाई मिळत नसे. तो नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात मोडीत काढला, तो खटला डाव्या वळणाचाच होता. २१ नोव्हेंबर १९६८ रोजी लॉस एंजलिसमध्ये अल्व्हाराडो स्ट्रीटवरून उत्तरेकडे जाणाऱ्या एका महिलेने थर्ड स्ट्रीटच्या चौकाच्या सुमारे ७० फूट अलीकडे, पेट्रोल पंपात शिरण्यासाठी समोरच्या तीन लेन छेदून डावीकडे वळण घेतले. चढाच्या पलीकडून आलेली टॅक्सी पिवळ्या दिव्यावर, ताशी सुमारे ३० मैल वेगाने चौकात शिरली आणि तिच्या गाडीच्या मागच्या उजव्या भागावर आदळली. तो वेग त्या जागी असुरक्षित होता असे कनिष्ठ न्यायालयाने मानले, पण समोरची गाडी धोका ठरेल इतकी जवळ असताना वळणारीनेही वळण घेतले म्हणून तिचा दावा फेटाळला. ‘ली विरुद्ध यलो कॅब’ या निकालाने तो निर्णय उलटवला आणि तेव्हापासून दोषाच्या प्रमाणात भरपाई हे तत्त्व राज्यात लागू आहे. त्यात किमान पात्रतेची कोणतीही रेषा नाही. ९० टक्के दोषी असलेली व्यक्तीसुद्धा उरलेल्या १० टक्क्यांपुरता दावा करू शकते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ५० किंवा ५१ टक्क्यांवर दावा बंद होतो, त्यामुळे टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाइकाचा अनुभव येथे लागू पडेलच असे नाही.

समजा वळणाऱ्याचे एकूण नुकसान २०,००० डॉलर आणि समोरच्याचे १०,००० डॉलर आहे, आणि दोष ७० व ३० असा ठरला. वळणाऱ्याला समोरच्याकडून ६,००० डॉलर मिळू शकतात आणि समोरच्याला वळणाऱ्याकडून ७,०००. दहा टक्के इकडचे तिकडे झाले तरी हे आकडे हजारोंनी बदलतात, म्हणून टक्क्यांसाठी भांडणे हे क्षुल्लक काम नव्हे.

हे टक्के ठरवताना अॅडजस्टर, म्हणजे दावा तपासणारा विमा कंपनीचा माणूस, आणि पुढे न्यायालय ज्या गोष्टी पाहतात, त्यांतली पहिली म्हणजे धडकेची जागा. वळणाऱ्या गाडीचा मागचा उजवा भाग चेपला असेल तर वळण जवळजवळ पूर्ण झाले होते आणि समोरच्याला दिसण्याइतका वेळ मिळाला असावा, असा युक्तिवाद करता येतो. पुढचा कोपरा चेपला असेल तर वळणारा ऐनवेळी आडवा आला, असा अर्थ सहज निघतो. दुसरी गोष्ट वेग. ताशी ४५ मैल वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ६६ फूट पुढे येते आणि ६० मैलाने येणारी ८८ फूट, त्यामुळे ४५ ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर समोरचा ६० ने येत असेल तर वळणाऱ्याने ‘पुरेसे’ म्हणून धरलेले अंतर पाहता पाहता अपुरे ठरते. वेग सिद्ध करायला डॅशकॅमचे चित्रण, चौकातल्या दुकानाचा कॅमेरा किंवा गाडीतील नोंदयंत्र उपयोगी पडते. हे यंत्र धडकेच्या आधीच्या काही सेकंदांतील वेग व ब्रेकची नोंद ठेवते, पण ती माहिती गाडीच्या मालकाची मानली जाते आणि त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय सहसा काढता येत नाही. दुकानांचे चित्रण बहुधा थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच आठवड्यात करणे शहाणपणाचे.

पहिले दहा दिवस

अपघातानंतर थांबणे आणि नाव, पत्ता, लायसन्स, नोंदणी व विम्याचा तपशील एकमेकांना देणे बंधनकारक आहे. कोणी जखमी झाले असेल आणि पोलीस घटनास्थळी आले नसतील, तर चालकाने २४ तासांत पोलिसांकडे किंवा कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल (सीएचपी) या राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे लेखी माहिती द्यावी लागते. त्या जागी ‘सॉरी, माझीच चूक’ असे बोलून जाण्याची आपली सवय येथे आवरलेली बरी. समोरच्याची विचारपूस जरूर करावी, दोषाची कबुली मात्र देऊ नये.

यानंतरचा कागद अनेकांकडून राहून जातो. कोणालाही किरकोळ जरी इजा झाली असेल, मृत्यू झाला असेल, किंवा कोणा एकाच्या मालमत्तेचे १,००० डॉलरपेक्षा अधिक नुकसान झाले असेल, तर प्रत्येक चालकाने एसआर-१ हा अहवाल १० दिवसांच्या आत डीएमव्ही, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे द्यायचा असतो. चूक कोणाची आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पोलिसांनी आपला रिपोर्ट केला असला तरी हा वेगळाच द्यावा लागतो. तो ऑनलाइन भरता येतो, आणि चालकाच्या वतीने विमा एजंट किंवा वकीलही तो भरू शकतो. त्यात अपघाताची तारीख व ठिकाण, दोन्ही चालकांचे लायसन्स क्रमांक, गाड्यांचे क्रमांक, विमा कंपनी व पॉलिसी क्रमांक आणि इजा वा नुकसानीचा तपशील लागतो. अहवाल न दिल्यास लायसन्स निलंबित होऊ शकते.

पोलीस रिपोर्ट आणि विम्याचा दावा

हायवे पेट्रोलने नोंदवलेल्या अपघाताच्या रिपोर्टची प्रत सीएचपी १९० हा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि ठरलेले शुल्क देऊन संबंधित कार्यालयातून मिळते. शहराच्या पोलिसांनी नोंद केली असेल तर त्यांचा स्वतःचा अर्ज असतो. चालक, प्रवासी, गाडीचा मालक, जखमी अल्पवयीन मुलाचे पालक, विमा कंपनी आणि अधिकृत प्रतिनिधी यांना ही प्रत मागण्याचा हक्क आहे. रिपोर्टात अधिकाऱ्याने तुमच्या नावापुढे कलम २१८०१ लिहिले म्हणून धीर सोडू नये. वाहन संहितेनुसार असा अपघात अहवाल खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. विमा कंपन्या तो आवर्जून वाचतात आणि त्याला वजन देतात, ही गोष्ट वेगळी. त्यातील तपशील चुकीचा असेल, उदाहरणार्थ लेनची संख्या किंवा दिव्याचा प्रकार, तर पुरवणी निवेदन जोडण्याची लेखी विनंती लगेच करावी.

दावा दोन मार्गांनी करता येतो. स्वतःच्या पॉलिसीत कोलिजन संरक्षण, म्हणजे धडकेत आपल्या गाडीच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, असेल तर स्वतःच्या कंपनीकडे दावा करावा, डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचा ठरलेला वाटा, भरावा आणि समोरच्या कंपनीकडून वसुलीचे काम आपल्या कंपनीवर सोपवावे. नाहीतर थेट समोरच्याच्या कंपनीकडे दावा लावावा. पहिला मार्ग सहसा जलद पडतो. दोन्हींसाठी गाड्यांचे व चौकाचे फोटो, साक्षीदारांची नावे व संपर्क, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, दवाखान्याची बिले व नोंदी, बुडालेल्या पगाराबद्दल आपण नोकरी करतो त्या कंपनीचे पत्र आणि चौकाचा हाताने काढलेला साधा नकाशा ठेवावा. हा नकाशा लोक कमी लेखतात, पण कोणत्या लेनमधून कोणत्या लेनमध्ये वळलो आणि दृष्टी कशाने अडली हे अॅडजस्टरला त्यातूनच पटकन कळते. राज्याच्या नियमांनुसार विमा कंपनीने दाव्याची पोच १५ दिवसांत द्यायची असते आणि नुकसानीचा पुरावा मिळाल्यापासून ४० दिवसांत दावा मान्य वा अमान्य करायचा असतो. अधिक वेळ लागणार असेल तर कारण लेखी कळवावे लागते.

तुमच्या स्वतःच्या कंपनीने तुम्हाला ५१ टक्के किंवा अधिक दोषी ठरवले तर तिच्या हिशेबात तुम्ही ‘मुख्यतः दोषी’ ठरता आणि त्याचा परिणाम पुढच्या हप्त्यावर होतो. हा निर्णय लेखी मागून फेरविचाराची विनंती करता येते. कंपनी दाद देत नसेल तर राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार नोंदवता येते. दोषी कोण हे विभाग स्वतः ठरवत नाही, मात्र दाव्याची हाताळणी नियमांप्रमाणे झाली की नाही हे तो तपासतो.

दावा कोणाला करता येतो

जखमी चालक, प्रवासी, पादचारी, गाडीचा मालक आणि मृत्यू झाल्यास कायदेशीर वारस हे दावा करू शकतात. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे यावर हा हक्क अवलंबून नाही. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मागच्या सीटवर बसलेले असतील, तर अपघातात त्यांचा दोष सहसा शून्य असतो आणि ते दोन्ही चालकांविरुद्ध दावा करू शकतात. उपचारखर्चासारखे आर्थिक नुकसान ते कोणाही एका दोषी चालकाकडून पूर्ण मागू शकतात, पण वेदना व मनस्तापाची भरपाई प्रत्येकाकडून त्याच्या टक्क्यापुरतीच मिळते. घरच्याच गाडीत बसलेल्या नातेवाइकांना पॉलिसी कितपत संरक्षण देते, हे मात्र त्यांचे विमान उतरण्याआधी वाचून ठेवावे.

ज्या मालकाचा किंवा चालकाचा विमाच नसतो, त्याला समोरचा शंभर टक्के दोषी असला तरी वेदना व मनस्तापाची भरपाई सहसा मिळत नाही. १ जानेवारी २०२५ पासून किमान विम्याची मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व इजांसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० अशी आहे. दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले तरी पहिला आकडा संपू शकतो, म्हणून किमान मर्यादेवर समाधान मानू नये.

न्यायालयाचा मार्ग आणि मुदती

शारीरिक इजेचा दावा अपघातापासून २ वर्षांत आणि मालमत्तेच्या नुकसानीचा ३ वर्षांत न्यायालयात दाखल व्हावा लागतो. विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. धडक शहराच्या बसशी झाली असेल किंवा बिघडलेल्या सिग्नलमुळे झाली असेल, तर आधी त्या सरकारी संस्थेकडे ६ महिन्यांच्या आत लेखी दावा द्यावा लागतो. संस्थेला उत्तरासाठी ४५ दिवस असतात, आणि तिने लेखी नकार दिल्यास त्यानंतरच्या ६ महिन्यांत खटला भरावा लागतो.

व्यक्तीचा १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या, न्यायालयात एससी-१०० हा अर्ज भरून करता येतो. अर्जाचे शुल्क रकमेनुसार ३० ते ७५ डॉलर असते. प्रतिवादी म्हणून समोरच्या चालकाचे आणि गाडीच्या मालकाचे नाव घालावे, त्यांच्या विमा कंपनीचे नव्हे. अपघात ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) झाला किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो, आणि कागद बजावण्याचे काम दाव्यात पक्षकार नसलेल्या प्रौढ व्यक्तीनेच करायचे असते. सुनावणीत वकील बाजू मांडू शकत नाही, त्यामुळे फोटो, नकाशा आणि बिले क्रमाने लावून, दिवा, अंतर आणि वेग या तीन मुद्द्यांवर दोन मिनिटांत बोलण्याची तयारी करून जावे. निकाल विरोधात गेला तर दावा करणाऱ्याला अपील नाही, ते फक्त प्रतिवादीला आहे.