ब्रेक पेटला तर उन्हाला दोष देऊ नका

नागपुरात मे महिन्यात कोणाच्या गाडीचा ब्रेक पेटला की पहिलं नाव उन्हाचंच निघतं, "४५ डिग्रीत दुसरं काय होईल भाऊ". मला हे अजिबात पटत नाही. जोरात वापरलेल्या ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी) ३००-४०० डिग्रीपर्यंत सहज जाते, तिथं बाहेर ३० आहे का ४५ यानं कितीसा फरक पडणार? चिखलदऱ्याहून उतरताना सतत ब्रेक दाबून तापला तर समजू शकतो, पण वर्धा रोड, अमरावती रोड तर सपाट, इथं एकच चाक पेटलं म्हणजे पाय काढल्यावरही तो ब्रेक सुटत नव्हता असंच आधी धरायचं.

आता हिशोब बघा. समजा जाम ब्रेक चाकाला फक्त २० किलोच्या जोरानं मागे ओढतोय आणि गाडी ८० च्या स्पीडनं चाललीय, तर त्या एका चाकात ४ किलोवॅटच्या वर उष्णता तयार होते, म्हणजे घरातले दोन गिझर एकदम चालू, आणि बंद करायला कोणी नाही. ड्रायव्हरला मात्र गाडी जराशी जड वाटते, एका बाजूला ओढते, बस.

लोखंड काही पेटत नाही, पेटतं ते ग्रीस, रबरी बूट (धूळ अडवणारं कव्हर), होसपाइप (ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाइप), त्यातून गळणारं ब्रेक ऑइल आणि मग टायर. म्हणून सगळ्यात जास्त जळालेला पार्ट बघून निदान केलं तर चुकायचीच शक्यता जास्त.

पहिला प्रश्न, कोणतं चाक? मागची दोन्ही तापली तर हँडब्रेकची केबल बघा, चारही तापली तर मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा पंप), आणि एकच असेल तर खरी तपासणी इथून सुरू होते. आग लागली नसेल, नुसता धूर निघाला असेल, तर थंड झाल्यावर जॅक लावा, ब्रेक एकदा दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. जड फिरतंय? मग होसपाइप जिथं लोखंडी पाइपाला जुळतो तो जॉइंट थोडा ढिला करा, चाक मोकळं झालं तर प्रेशर वरूनच अडकलंय, म्हणजे लोखंडी पाइप नाहीतर मास्टर सिलेंडरकडचा दोष. नाही झालं तर ब्लीडर निपल (चाकाजवळचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) उघडा, आता सुटलं तर दोष होसपाइपचा, तो आतून फुगतो, पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं पण परत यायला तेवढा जोरच नसतो, आणि बाहेरून पाइप अगदी चांगला दिसतो म्हणून हा दोष बऱ्याचदा नजरेतून सुटतो. तरीही जड राहिलं तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन नाहीतर तो ज्यांच्यावर सरकतो त्या पिन गंजल्यात. दोन पॅडमधला एकच जास्त झिजला असेल तर पिनवर संशय घ्या. चाक हलवल्यावर खेळतंय, घरघर करतंय, तर आग बेअरिंगच्या ग्रीसची असू शकते.

नागपूरजवळच्या वाडीला उभ्या राहणाऱ्या मोठ्या ट्रकांचं वेगळं, तिथं पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेनं सुटतो, हवा लीक झाली की स्प्रिंग चालत्या गाडीत ब्रेक अर्धवट लावते.

रस्त्यात धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, सगळे उतरा आणि तापलेल्या टायरपासून लांब राहा, तो फुटू शकतो.

दुरुस्तीत पॅड बदलून काम संपत नाही, त्या चाकाचं सील, बेअरिंगचं ग्रीस, होसपाइप, ब्रेक ऑइल सगळं उष्णतेनं खराब झालेलं असतं, आणि त्याच जोडीतल्या दुसऱ्या बाजूच्या चाकाचा होसपाइपही तेवढाच जुना असतो, तोही बदलून घ्या.