पावसाळ्यात मॉडेल बदलायचं नसतं

कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्रात मुंबईचा अंदाज ठरतो, तेव्हा समोर एकाच मॉडेलचे, म्हणजे संगणकावर हवेचं गणित मांडणाऱ्या एकाच प्रणालीचे, नकाशे नसतात. अमेरिकी मुळाचं जीएफएस असतं, युरोपीय केंद्राचं मॉडेल असतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने जीएफएसवरून घडवलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली सहा किलोमीटर जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम असते. शिवाय नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचं एनसीयूएम असतं. त्याचा सांगाडा ब्रिटिश हवामान खात्याच्या युनिफाइड मॉडेलचा. हाच सांगाडा ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरही वापरतात. तो आता बदलतो आहे, आणि एका देशाने नवा कोड लिहायचा नि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचा, इतकं ते सोपं नाही.

बदलाचं कारण ध्रुवांवर आहे. युनिफाइड मॉडेल अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर चालतं आणि रेखांश संत्र्याच्या फोडींसारखे टोकाला एकत्र येतात. जाळीत २५६० रेखांश असले तर विषुववृत्तावर दोन बिंदूंमध्ये साधारण १५-१६ किलोमीटर अंतर पडतं, ध्रुवाला लागून असलेल्या ओळीत मात्र अवघं १२-१३ मीटर. हजारो प्रोसेसरांवर काम वाटून दिलं की या दाटीपायी त्यांची आपापसातली देवाणघेवाणच तुंबते. म्हणून नव्या एलएफरिक प्रणालीत पृथ्वी घनाच्या सहा बाजू फुगवून झाकली आहे; ध्रुवावर दाटी नाही. नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्यावरून आलं आहे. त्यांनी २० मे १९१० साठी हाताने आकडेमोड करून सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असं उत्तर काढलं होतं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. असं नाव मॉडेलला देण्यात एक प्रामाणिकपणा आहे.

गणित बदलणं अवघड असतंच, पण सहा देशांचं कॅलेंडर जुळवणं त्याहून अवघड. मुंबईला जून ते सप्टेंबर हात लावायचा नाही, हे उघड आहे. त्याआधीचा महिना मोकळा वाटतो, पण अरबी समुद्रातली चक्रीवादळं तेव्हाच येतात: तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं. ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा चक्रीवादळांचा काळ. उरतो जानेवारी ते मार्च. नेमकी तेव्हा ऑस्ट्रेलियात चक्रीवादळं असतात आणि ब्रिटनमध्ये हिवाळी वादळं. कोरियाला उन्हाळी पाऊस आणि मग टायफून. सगळ्यांना सोयीचा महिना नाहीच.

त्यामुळे कोडची आवृत्ती एकच गोठवायची आणि ती चालू करण्याची तारीख ज्याने त्याने ठरवायची, हाच शहाणपणाचा मार्ग. आपल्याकडे त्याचं वेळापत्रक असं बसतं: जून ते सप्टेंबर जुनं-नवं शेजारी-शेजारी चालवायचं, पावसाळ्यानंतर हिशेब तपासायचा, जानेवारी ते मार्चमध्ये बदलायचं. याची किंमतही आहे. मधले काही महिने भागीदारांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या चालतात. एकाकडे बग सापडला की दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागते. चाचणी चुकीच्या ऋतूत झाली तर काय सुटतं, हे अमेरिकेच्या जीएफएसवरून दिसलं. त्याचा नवा गाभा, म्हणजे हवेच्या हालचालीचं गणित सोडवणारा भाग, हिवाळ्यात शेजारी चालवला तेव्हा तो जमिनीलगतची हवा फार थंड आणि बर्फ फार जास्त दाखवतो आहे असं आढळलं. बदल लांबला आणि १२ जून २०१९ ला झाला. चाचणी फक्त उन्हाळ्यात झाली असती तर हा दोष थेट लोकांच्या अंदाजात उतरला असता.

नवं मॉडेल चांगलं आहे हे ठरवायचं कसं, यावर भागीदारांचे सर्वाधिक वाद होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७३ मिमी. समजा, एखाद्या बारीक जाळीच्या मॉडेलने हा पाऊस हुबेहूब दाखवला, पण पंधरा किलोमीटर दक्षिणेला. बिंदू-बिंदूची तुलना केली तर त्याला दोनदा शिक्षा होते: जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून आणि जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून. ज्या मॉडेलने सगळीकडे मिळमिळीत ४० मिमी दाखवले, ते जिंकतं! म्हणून आजूबाजूच्या पट्ट्यात किती भागात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाऊस झाला, याची टक्केवारी ताडून पाहतात. मर्यादा, पट्ट्याची रुंदी आणि पर्जन्यमापकांची यादी सगळ्या भागीदारांनी आधीच लिहून ठेवलेली बरी, निकाल पाहून मग नव्हे. दोन्ही मॉडेलं एकाच जाडसर जाळीवर आणताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढावी. नुसतं शेजारच्या चार बिंदूंवरून मधला आकडा काढला तर मधली शिखरं सुटू शकतात आणि एकूण पाणीही जुळत नाही.

आता एक किरकोळ वाटणारी गोष्ट. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे जागतिक वेळेनुसार ३ वाजता. मॉडेल सुरू होतं जागतिक वेळेच्या ० वाजता, आपल्या पहाटे साडेपाचला. म्हणजे आज सकाळी साडेआठ ते उद्या साडेआठचा पाऊस हवा असेल तर २७व्या तासाच्या बेरजेतून तिसऱ्या तासाची वजा करावी लागते. नव्या मॉडेलच्या फाइली सहा-सहा तासांनीच निघणार असं ठरलं, तर त्यात ३ही नाही आणि २७ही नाही. मग कुणीतरी २४ आणि ३० मधून अंदाजपंचे आकडा काढतो आणि पहाटेची मोठी सर भलत्याच तारखेला जाते. दर तीन तासांची फाइल हवी, ही मागणी आराखडा ठरतानाच नोंदवावी लागते. नंतर साठवणुकीची जागा वाटून झालेली असते.

एककांचंही तेच. युरोपीय मॉडेल पाऊस मीटरमध्ये आणि अंदाजाच्या सुरुवातीपासून साचवत देतं, जीएफएस किलोग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरमध्ये. प्रादेशिक मॉडेलची जाळी फिरवलेल्या, म्हणजे काल्पनिक, ध्रुवावर असली तर वाऱ्याची दिशा जाळीच्या उत्तरेवरून मोजलेली असते, खऱ्या उत्तरेवरून नव्हे. ती फिरवून घेतली नाही तर नैऋत्य वारा थोडा तिरका होतो आणि घाटावर चढणारा पाऊस बिघडतो. शिवाय कुलाबा! दक्षिण मुंबई इतकी अरुंद आहे की १२ किलोमीटरच्या चौकोनात ती समुद्र ठरू शकते. जाळी बदलली की काल जमीन असलेला चौकोन आज पाणी होतो, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक सपाट होतो. हा नकाशा एक्सिटरला, ब्रिटिश हवामान खात्याच्या मुख्यालयात, बसून कुणी तपासणार नाही. तो ज्याचा त्याने तपासायचा.

पावसाच्या घडणीतही देशादेशांत भेद आहे. युनिफाइड मॉडेलच्याच कुटुंबातल्या प्रादेशिक मॉडेलला पूर्वी दोन पाककृती होत्या, एक समशीतोष्ण देशांसाठी आणि एक उष्ण कटिबंधासाठी. ढग मांडण्याची रीतच वेगळी. आता दोन्ही एक केल्या आहेत. सांभाळायला सोपं, पण एकाच्या धुक्यासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या मान्सूनला लागू पडेलच असं नाही.

इशाऱ्यांच्या मर्यादा तर आणखी नाजूक. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिजोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. जुनं मॉडेल मोठा पाऊस कमी दाखवतं असा अनुभव असेल, तर अंदाजकर्ता मनात थोडी भर घालूनच रंग ठरवतो. नवं मॉडेल मुळातच जास्त दाखवू लागलं आणि सवय तीच राहिली, तर विनाकारण रेड अलर्ट निघतो, शाळा बंद होतात. एका पावसाळ्यात १२२ दिवस, त्यात असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. एका हंगामाच्या चाचणीवर ही भर ठरवता येत नाही. त्यासाठी मागची अनेक वर्षं नव्या मॉडेलवर पुन्हा चालवावी लागतात, आणि महासंगणकाचा वेळ मागताना नेमकं हेच काम आधी कापलं जातं. मुंबईची पूर इशारा प्रणाली, आयफ्लोज, हवामान मॉडेलचा पाऊसही आत घेते, तेव्हा चूक पुढे नाल्यांपर्यंत वाहत जाते.

भागीदारीत प्रत्येक कामाला नाव लावलेलं असावं लागतं. भारतीय उपग्रहाची निरीक्षणं नव्या प्रणालीत वाचली जातात का, हे भारतानेच तपासलं नाही तर ते यादीत तळाला राहतं. उलट बाजूने, भागीदाराचं साधन सगळ्यांचं होऊ शकतं: कामांचा क्रम लावणारं सिल्क न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि आज ब्रिटनचं मॉडेलही त्यावर चालतं. जीएफएसमध्ये वेगळं घडलं. अमेरिका घनाच्या जाळीकडे गेली, पुण्याने भारत फोरकास्ट सिस्टिमसाठी जुनाच वर्णपटीय, म्हणजे हवेचं चित्र लाटांच्या बेरजेत मांडणारा, गाभा ठेवून अष्टफलकी जाळी घेतली. सूक्ष्मता मिळाली, पण तिकडची दुरुस्ती आता जशीच्या तशी इकडे बसत नाही. माणसं आपली लागतात.

बदलाच्या दिवसानंतरही जुनं मॉडेल लगेच बंद करू नये. निदान पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सत्रांपर्यंत ते चालू ठेवावं आणि परत फिरायचा निर्णय कोण, कोणत्या आकड्यावर घेणार हे आधीच लिहून ठेवावं. नोएडाहून अंदाज घेणाऱ्या बिम्सटेक, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या, देशांना नमुना फाइली काही महिने आधी द्याव्या लागतात, कारण त्यांच्याकडे ती फाइल वाचणारा प्रोग्राम बहुधा एकच माणूस सांभाळत असतो.