डंकेलच्या वेळचं भांडण

जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या ‘गॅट’ करारातल्या देशांची ‘उरुग्वे फेरी’ नावाची बोलणी १९८६ पासून रेंगाळली होती. गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये एक जाडजूड मसुदा सगळ्या देशांपुढे ठेवला आणि आपल्याकडे ‘डंकेल’ हा शब्द पारावर पोचला. शेतीच्या सबसिडीवर मर्यादा आणि पिकांच्या वाणांवर मालकीहक्क, असं त्यात होतं. मूळ मसुदा फार थोड्यांनी वाचला असेल. पण कणगीत राख लावून ठेवलेलं बियाणं पुढच्या मृगाला पेरायलाही परवानगी लागणार, ही भीती समजायला इंग्रजी यावं लागत नव्हतं.

कर्नाटकात प्रा. एम. डी. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने ती भीती रस्त्यावर आणली. डिसेंबर १९९२ मध्ये हिरव्या शालींतले शेतकरी कारगिल या बियाणे कंपनीच्या बंगळुरूतल्या कार्यालयात शिरले, फायली बाहेर फेकल्या आणि पेटवल्या. पुढच्या जुलैत बळ्ळारी भागातलं तिचं बांधकामही पाडलं. उत्तरेत शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांचाही डंकेलला विरोधच होता.

महाराष्ट्रात मात्र उलटंच घडलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेलच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं गणित सरळ होतं: सरकार एका हाताने खतावर सूट देतं आणि दुसऱ्या हाताने निर्यातबंदी, लेव्ही (सरकारी भावाने सक्तीची खरेदी) लावून भाव पाडतं, बेरीज केली तर आपल्या शेतकऱ्याच्या पदरात ‘उणे सबसिडी’च पडते. मग सबसिडीवर मर्यादा आली तर आपलं काय जाणार? या भूमिकेमुळे कालचे मित्रही त्यांच्यापासून दुरावले.

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला अखेर करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. विरोधक हरले म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही. करारात पिकांच्या वाणांसाठी स्वतःचा कायदा करायची मोकळीक होती. तिचा वापर करून भारताने २००१ मध्ये जो कायदा केला, त्याच्या कलम ३९ मध्ये बियाणं राखणं, पेरणं, वाटणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आपलं बटाट्याचं वाण परवानगीशिवाय लावलं म्हणून पेप्सिकोने २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा दाखला दिला गेला. गदारोळ झाला आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

जोशींचं गणितही जुनं झालेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. ती कुठल्या परदेशी कराराने लादली नव्हती. आदेश दिल्लीतूनच निघाला होता.