ट्रिंकोमाली (जहाज)

ट्रिंकोमाली : मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ब्रिटिश नौदलाची शिडाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. सध्या इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल येथे संग्रहालय-जहाज म्हणून तिचे जतन केले जाते. अजूनही पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी होय. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची व्हिक्टरी ही युद्धनौका तिच्याहून वयाने मोठी आहे, पण ती कोरड्या गोदीत टेकूंवर उभी आहे.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकची चणचण भासू लागली, म्हणून हे काम मुंबईकडे आले. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागात ती घडली. खर्च सुमारे २३,००० पौंड. तिचे दीर्घायुष्य या लाकडातच आहे. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागातले तेल मात्र खिळ्याला सांभाळून घेते. नाव श्रीलंकेतील बंदराचे, तेथील १७८२ च्या आरमारी लढाईच्या स्मरणार्थ ठेवलेले. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या पुरुषाचे लाकडी शिल्प आहे. आपल्या गोदीतून गेलेल्या जहाजाच्या तोंडाशी ही पगडीची आकृती पाहून मराठी वाचकाला आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

ती १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचली, तोवर लढाया संपल्या होत्या. १८४५ पर्यंत ती राखीव ताफ्यात पडून राहिली. त्यानंतर उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज आणि पॅसिफिकमध्ये तिने दोन फेऱ्या केल्या. तिची खरी कामगिरी मात्र लढण्यात नाही, शिकवण्यात आहे. १८६० च्या दशकापासून राखीव दलातील खलाशांना तोफा चालवण्याचे शिक्षण तिच्यावर दिले जाई. त्यातली बरीच वर्षे हार्टलपूललाच गेली.

१८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली. त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या ब्रिटिश दानशूर गृहस्थांचे फूद्रॉयां हे नेल्सनच्या वेळचे जहाज ब्लॅकपूलजवळ वादळात फुटले होते. त्यांनी ट्रिंकोमाली विकत घेऊन डागडुजी केली आणि तिला फूद्रॉयां हेच नाव दिले. फाल्मथ आणि पुढे पोर्ट्समथ येथे नांगरलेल्या या जहाजावर तरुण मुलामुलींनी राहावे, झोळ्यांत झोपावे, छोट्या होड्या वल्हवाव्यात, दोर आणि गाठी शिकाव्यात, असा परिपाठ १९८६ पर्यंत चालला. जहाज स्वतः शिडे उभारून निघत नसे, तरी माणसांचा राबता असल्याने ते टिकले. तिच्यासोबत याच कामी असलेल्या इम्प्लेकेबल या जुन्या जहाजाला मात्र डागडुजीचा खर्च पेलेना, म्हणून १९४९ मध्ये ते इंग्लिश खाडीत मुद्दाम बुडवण्यात आले. त्या घटनेचा धक्का ब्रिटनमधील नंतरच्या जहाज-जतन चळवळीला बळ देऊन गेला.

१९८७ मध्ये तराफ्यावर चढवून तिला हार्टलपूलला आणले. वॉरियर या लोखंडी युद्धनौकेचे जीर्णोद्धाराचे काम तिथे नुकतेच पुरे झाले होते, म्हणजे कसबी कारागीर हाताशी होते. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम संपले. साधारण एक कोटी पौंड लागले. सांगाड्याचे निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईचेच आहे, आणि हे जतनाचे मोठे यश मानावे लागेल.

लाकडी जहाजाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याचे भय अधिक. डेकच्या फटी उघडल्या की पाणी झिरपते, बुरशी धरते आणि वरून धड दिसणारी तुळई आतून भुसभुशीत होते. म्हणून फटींत तागाचे तंतू ठोकून वर डांबर ओतण्याचे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. पाण्यात राहिल्याने तळाला सगळीकडून आधार मिळतो. टेकूंवर उभ्या जहाजाचे वजन ठरावीक जागी येऊन त्याचा आकार बिघडू शकतो. सध्या ट्रिंकोमालीच्या जतनाचे काम ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाच्या छत्राखाली चालते. तोफांच्या मजल्यावर उतरताना उंच माणसाला मान वाकवावी लागते. तोफांमधल्या चिंचोळ्या जागेत खलाशांच्या झोळ्या टांगल्या जात आणि तिथेच जेवणाची पंगतही बसे, हे शाळेची मुले तिथे उभी राहून समजून घेतात.